स्थिर वस्तूवरील घर्षण नेहमी ‘म्यू गुणिले एन’ नसते
यामिकीच्या उदाहरणात घर्षण दिसले की लगेच घर्षणगुणांक (म्यू, म्हणजे दोन पृष्ठभागांमधील घर्षणाचे प्रमाण सांगणारी संख्या) आणि लंब प्रतिक्रिया (एन, म्हणजे पृष्ठभागाने वस्तूवर लंब दिशेने लावलेले बल) यांचा गुणाकार मांडायचा, ही सवय अनेक विद्यार्थ्यांना अकरावीतच जडते आणि पुढेही सुटत नाही. सूत्र खोटे नाही. परंतु वस्तू स्थिर असताना ते घर्षणाचे मूल्य सांगत नाही, केवळ त्याची कमाल मर्यादा सांगते.

सपाट जमिनीवर 10 किलोग्रॅमची पेटी आहे, स्थितिक (वस्तू स्थिर असतानाचा) घर्षणगुणांक 0.5 आहे आणि गुरुत्वत्वरण 10 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, असे समजू. लंब प्रतिक्रिया पेटीच्या वजनाइतकी, म्हणजे 100 न्यूटन असल्याने मर्यादा 50 न्यूटन येते. आता पेटी 20 न्यूटन बलाने आडवी ढकलली आणि घर्षण 50 न्यूटन मानले, तर उलट दिशेने 30 न्यूटन बल शिल्लक राहते, म्हणजे पेटी ढकलणाऱ्याच्याच अंगावर येऊ लागेल! असे कधीच घडत नाही, कारण प्रत्यक्षात घर्षण लावलेल्या बलाइतकेच, 20 न्यूटन असते.

म्हणून वस्तू स्थिर आहे असे आधी गृहीत धरावे, समतोलासाठी लागणारे घर्षण काढावे आणि ते मर्यादेत बसते का हे तपासावे. बसत नसेल, तरच वस्तू घसरते आणि गतिक (वस्तू सरकत असतानाच्या) घर्षणाचा गुणांक वापरावा लागतो.

घर्षण नेहमी गतीच्या उलट दिशेने असते, हा दिशेबाबतचा समजही असाच अपुरा आहे. घर्षण विरोध करते ते पृष्ठभागांच्या परस्पर सरकण्याला, प्रत्येक गतीला नव्हे. वेग घेणाऱ्या ट्रकमधील पेटीला पुढे नेणारे बल घर्षणाचेच असते.