हॅकिंग : कला की शास्त्र

संगणकप्रणाली ज्या कामासाठी बनवली, त्यापलीकडचे काम तिच्याकडून करून घेणे म्हणजे हॅकिंग. ते मालकाच्या परवानगीने होते तसे चोरूनही होते, कसब तेच. हे कसब कलेत मोडते की शास्त्रात, हा वाद जुना आहे. बडोद्यात मात्र तो थोडा परका वाटावा. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1890 मध्ये काढलेल्या कलाभवनात चित्रकला, कापडाची रंगाई आणि यंत्रविद्या एकाच संस्थेत शिकवत. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे, चित्रकार-शिल्पकारांचा विभाग वेगळा. तरी दांडिया बाजारातल्या मराठी घरात ‘मुलगा कलाभवनात आहे’ म्हटले की तो इंजिनीअर होतोय, हे सांगावे लागत नाही.

हॅकिंग हा शब्द संगणकाच्या जगात आणला तो अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या मॉडेल रेल्वे क्लबच्या विद्यार्थ्यांनी. 1961 मध्ये तिथे आलेल्या पीडीपी-1 या संगणकाची मूळ स्मृती आजच्या हिशेबाने जेमतेम 9 केबी. प्रोग्रामातली एक सूचना वाचवली तरी ती मिरवण्यासारखी गोष्ट असे. कलावाल्यांचा पक्ष इथे भक्कम आहे.

2 नोव्हेंबर 1988 रोजी सुटलेला मॉरिस वर्म, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्राम, दोन्ही पक्षांना उपयोगी पडतो. दूरच्या संगणकावरच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या ‘फिंगर’ या सेवेने आलेला मजकूर ठेवायला 512 बाइटची जागा राखली होती, पण मजकुराची लांबी ती तपासत नसे. वर्मने 536 बाइट पाठवले. जादा बाइट शेजारच्या जागेत सांडले, तिथे लिहिलेला परतीचा पत्ता (हातचे काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचे ती जागा) बदलला आणि व्हॅक्स संगणक वर्मचीच आज्ञा पाळू लागला. यात प्रतिभेचा संबंध नाही. तेच बाइट, तोच परिणाम. पण लांबी कुणी मोजत नाही हे हेरून ‘जास्त पाठवून बघू’ असे सुचणे, हे कोणत्या सूत्रात बसवायचे?

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी ट्युरिंग पुरस्कार घेताना 1974 मध्ये केलेल्या व्याख्यानात दिलेली कसोटी इथे सर्वांत कामाची : जे संगणकाला शिकवता येण्याइतके नीट समजले ते शास्त्र, उरलेले हाताळणे ही कला. या कसोटीने सीमारेषा सरकती ठरते. वादळी पावसात फोनलाइनवर आलेल्या खरखरीवरून संगणकशास्त्राचे प्राध्यापक बार्टन मिलर यांना प्रोग्रामांवर वाटेल तो मजकूर फेकून पाहण्याची कल्पना सुचली. 1990 च्या त्यांच्या निबंधानुसार युनिक्स या संगणकप्रणालीवरचे पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम त्याने कोसळले किंवा अडकले. हे काम आता यंत्रेच करतात. 2016 मध्ये यंत्रायंत्रांच्या हॅकिंग स्पर्धेत ‘मेहेम’ हे यंत्र पहिले आले, आणि लगेच डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनातल्या स्पर्धेत माणसांच्या संघांसमोर शेवटचे.

भारतीय कायदा या वादात पडत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 43 मध्ये प्रश्न मालकाच्या परवानगीचा आहे. तेच कृत्य लबाडीने केले तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.