कमी उंचीचे काटकोनी ऑडिओ कनेक्टर

चित्रीकरणस्थळी मिक्सर, रेकॉर्डर, बिनतारी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांना जोडायच्या केबलीचे एक प्रकारचे टोक. हे टोक पॅनेलमधून सरळ बाहेर येत नाही. केबल लगेच ९० अंशांत वळते आणि कनेक्टरचे कवच पॅनेलला जवळजवळ टेकून बसते. बोलण्यात याला ‘एल टाईप’ किंवा ‘लो-प्रोफाइल’ म्हणतात. माईकच्या केबलीला नेहमी असतो त्या तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरला आपल्याकडचे साऊंडवाले अजूनही ‘कॅनन पिन’ म्हणतात. हे नाव लॉस एंजेलिस येथील जेम्स कॅनन यांच्या कंपनीवरून आले. हा कनेक्टर मुळात त्यांचाच.

गरज कुठे पडते : स्टुडिओत सरळ कनेक्टर पुरतो. अडचण येते ती गळ्यात अडकवलेल्या साऊंडबॅगमध्ये. सरळ कॅनन पिनेची लांबी सुमारे ७ सेंमी. त्यातले दीड-दोन सेंमी जॅकमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या खाचेत जातात, उरलेले बाहेर राहतात. त्यापुढे ६ मिमी जाडीची केबल न मोडता वळायला आणखी अडीच-तीन सेंमी लागतात. म्हणजे रेकॉर्डरच्या प्रत्येक बाजूला सुमारे ८ सेंमी जागा हवी. बॅगेत ती बहुधा याच्या निम्मीही नसते. झूम एफ-६ या रेकॉर्डरला दोन्ही बाजूंना तीन-तीन एक्सएलआर जॅक आहेत, एफ-८ ला चार-चार. अशा यंत्राला सरळ पिना लावून बॅग बंद केली, की बॅगेची भिंत पिनांवर दाबते. तो दाब जॅकच्या पायांवर आणि त्यामागच्या सर्किट बोर्डावर जातो. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. पंधरा-वीस दिवसांनी एखादा चॅनेल हलवला की खरखरतो.

सातारा जिल्ह्यातल्या कामात हे जास्त जाणवते, कारण इथे ट्रॉली लावून बसण्याजोगी जागा क्वचित मिळते. वाई आणि मेणवलीच्या घाटांच्या पायऱ्या, पसरणी घाटातली वळणे, कास पठाराचा खडकाळ माथा, या ठिकाणी बॅग अंगावर घेऊनच चालावे लागते. रंगपंचमीला बावधनचे बगाड टिपायचे असेल, तर चारही बाजूंनी गर्दी रेटत असते आणि बॅगेबाहेर आलेले प्रत्येक टोक कुणाच्या तरी कोपराला लागते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांकडे ध्वनिमुद्रण करताना अडचण वेगळी असते. खोली अरुंद, आजूबाजूला वाळत ठेवलेले भोपळे. तिथे बाहेर आलेली केबल यंत्रापेक्षा वाद्यालाच जास्त धोक्याची.

प्रकार : साधा काटकोनी एक्सएलआर आणि खरा लो-प्रोफाइल एक्सएलआर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि खरेदीत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. न्यूट्रिकच्या आरएक्स मालिकेतला (नरासाठी, म्हणजे पिना बाहेर असलेल्या टोकासाठी एनसी३एमआरएक्स, मादीसाठी, म्हणजे भोके असलेल्या टोकासाठी एनसी३एफआरएक्स) किंवा स्विचक्राफ्टचा काटकोनी कनेक्टर मजबूत असतो, केबल नीट पकडतो, पण उंचीला मोठा असतो. बूमच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या माईकच्या इनपुटला तो उत्तम. लो-प्रोफाइल प्रकारात पिनांच्या मागे जेमतेम डाख (सोल्डर) देण्यापुरतीच जागा ठेवून कवच बसके केलेले असते. अमेरिकेतील केबल टेक्निक्स ही कंपनी अशी एक्सएलआर आणि मिनी एक्सएलआर टोके बनवते. केबल कोणत्या दिशेला काढायची हे जोडणाऱ्याला ठरवता येणे, हा अशा टोकाचा खरा गुण. उंची त्यानंतर पाहावी.

मिनी एक्सएलआर म्हणजे टीए मालिका. तीन पिनांचा टीए३ मिक्सरच्या आणि रेकॉर्डरच्या काही इनपुट-आउटपुटांवर येतो. साऊंड डिव्हायसेस ६३३ मध्ये सहापैकी तीन इनपुट याच प्रकारचे आहेत. पाच पिनांचा टीए५ लेक्ट्रोसॉनिक्सच्या ट्रान्समीटरवर असतो. मोठ्या एक्सएलआरमध्ये इनपुटला नर टोक लागते. टीए३ मध्ये पॅनेलवरच बहुधा नर बसवलेला असतो, म्हणून इनपुट असो वा आउटपुट, केबलीला मादी टोकच, म्हणजे टीए३एफ, लागते. सवयीने नर टोके मागवून पार्सल परत पाठवण्याची वेळ नवख्यांवर हमखास येते.

अंगावर बांधायच्या ट्रान्समीटरसाठी स्क्रूने आवळायची ३.५ मिमीची ‘ईपी पिन’ काटकोनी मिळते. नऊवारीत कासोट्यापाशी किंवा धोतराच्या कंबरेला ट्रान्समीटर बांधला, की सरळ पिन पाठीत टोचते आणि कलाकार बसताना-उठताना वाकते. तिथे एल टाईपला पर्याय नाही. मात्र कपड्याला लावायच्या लेपल माईकची पिनजोडणी कंपनीगणिक बदलते. ट्रान्समीटरच्या माहितीपुस्तिकेतली आकृती समोर ठेवल्याशिवाय डाख देऊ नये.

मोजमाप : मागवण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. पहिली, यंत्र बॅगेत बसवून, चेन लावून, जॅकच्या तोंडापासून बॅगेच्या भिंतीपर्यंतचे अंतर. रिकाम्या बॅगेत घेतलेले माप फसवते, कारण बॅटरी आणि रिसीव्हर भरल्यावर भिंती आत येतात. दुसरी, शेजारच्या दोन जॅकांच्या मध्यांमधले अंतर. एक्सएलआरचे कवच सुमारे १९ मिमी व्यासाचे, आणि काटकोनी टोकाची केबल शेजारच्या जॅकवरून जाणार असेल तर तो जॅक बंदच पडला समजावा. तिसरी गोष्ट दिशेची आहे आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते.

दिशा लिहायला घड्याळाची पद्धत सोपी पडते. पॅनेल आपल्याकडे तोंड करून धरावे. एक्सएलआर इनपुटला ‘पुश’ लिहिलेला खटका जिथे असेल तिथे बारा वाजले असे मानावे. आता केबल कुठे जायला हवी, सहाला, तीनला की नऊला, ते प्रत्येक जॅकसाठी वेगळे लिहावे. एकाच यंत्राच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे जॅक एकमेकांच्या उलट बसवलेले असू शकतात. म्हणून डावीकडे खाली जाणारी केबल तशीच उजवीकडे लावली तर ती वर तोंड करून उभी राहते. केबल बाराच्या बाजूने कधीही काढू नये. बसके कवच खटक्यावर येते, बोट आत जात नाही, आणि टोक काढायला स्क्रूड्रायव्हर घालावा लागतो. एक्सएलआर आणि जाड ६.३५ मिमी पिन दोन्ही घेणाऱ्या काही कॉम्बो जॅकांना तर कुलूपच नसते. तिथे केबलीला आधार देणारा वेल्क्रोचा पट्टा बॅगेत लावणे भाग आहे.

केबल : लो-प्रोफाइल टोकात जाड केबल मावत नाही. कॅनारेची एल-४ई६एस ही प्रसिद्ध स्टार-क्वाड, म्हणजे आत चार तारा असलेली केबल ६ मिमीची आहे. बॅगेच्या आत तिच्याऐवजी त्याच घराण्यातली ४.८ मिमीची एल-४ई५सी वापरावी. टीए३ साठी त्याहूनही बारीक, साधारण ३ मिमीच्या आसपासची केबल घ्यावी. रिसीव्हरपासून मिक्सरपर्यंत २० ते ३० सेंमी पुरतात. दोन सेंमी जास्त चालतील, पण दहा सेंमी जास्त झाली तर गुंडाळी बॅगेत फिरत राहते.

डाख देणे : जोडणीचा क्रम ठरलेला आहे. पिन १ ला शिल्ड (तारांभोवतीची जाळी), २ ला धन, ३ ला ऋण. पिन २ धन असल्याचा नियम ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस१४-१९९२ या मानकात आहे. स्टार-क्वाडमध्ये दोन निळ्या तारा एकत्र पिळून एका पिनेला आणि दोन पांढऱ्या दुसरीला द्याव्यात. कोणता रंग २ ला ते एकदा ठरवून सगळ्या केबलींत तसाच ठेवावा.

आधी कवच, कॉलर आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी केबलीवर ओवून घ्यावी. हे विसरले की झालेले सगळे काम तोडावे लागते. बाहेरचे आवरण साधारण १२ मिमी सोलावे, आतल्या तारा ३ मिमी. शिल्डची जाळी पिळून तिच्यावर बारीक नळी चढवावी, उघडी सोडू नये. बसक्या कवचात ती २ क्रमांकाच्या पिनेला टेकण्यासाठी एक मिमीसुद्धा पुरतो. शिल्डचे मोकळे शेपूट जितके आखूड तितके बरे. ते लांबले की शेजारच्या बिनतारी ट्रान्समीटरचा आणि मोबाइलचा खरखराट केबलीत शिरतो. ६३/३७ जातीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३३० ते ३५० अंशांवर ठेवून दोन-तीन सेकंदांत सांधा पुरा करावा. त्यासाठी तार आणि पिनेची वाटी आधीच वेगवेगळी डाखाने माखून ठेवावी.

टीए३ च्या पिना प्लास्टिकच्या छोट्या चकतीत रोवलेल्या असतात. उष्णता जास्त वेळ लागली की चकती मऊ होऊन पिन तिरकी होते. यावर उपाय म्हणजे डाख देताना त्या टोकात समोरचे जुळणारे टोक खोचून ठेवावे. ते पिना सरळ धरते आणि थोडी उष्णताही ओढून घेते. आयर्नचे टोक १ मिमीचे आणि डाखाची तार अर्ध्या मिमीची असावी. हे काम दिवसाच्या चित्रीकरणानंतर लॉजच्या खोलीत, मंद उजेडात करण्याचे नाही.

तपासणी : मल्टिमीटर बझरवर ठेवून १ ते १, २ ते २, ३ ते ३ सलग आहेत का आणि एकमेकींत मिळत नाहीत ना, हे पाहावे. मग कवच बंद करून पुन्हा हेच करावे. बसक्या टोकातले बहुतेक शॉर्ट कवच आवळतानाच होतात, म्हणून दुसरी तपासणी पहिलीपेक्षा महत्त्वाची. त्यानंतर फँटम, म्हणजे माईकला केबलीतूनच मिळणारी वीज सुरू करून, माईक न लावता, केबलीच्या मोकळ्या टोकाला पिन १ आणि २ मध्ये सुमारे ४८ व्होल्ट, १ आणि ३ मध्येही तेवढेच, आणि २-३ मध्ये जवळपास शून्य दिसायला हवेत. एका बाजूला व्होल्ट नसतील तर ती तार तुटली आहे किंवा शिल्डला टेकली आहे. फँटम प्रत्येक पिनेला ६.८ किलोओहमच्या रोधातून जाते, त्यामुळे अशा शॉर्टने सहसा यंत्र जळत नाही; माईक मात्र मुका राहतो. शेवटी हेडफोन कानाला लावून केबल टोकापाशी चारही दिशांना हलवावी.

बॅटरीच्या चार पिनांच्या हिरोसे टोकाला ही सवलत नाही. बॅगेतल्या नेहमीच्या जोडणीत पिन १ ऋण आणि ४ धन. तिथे उलट जोडणी झाली तर रेकॉर्डरच जाऊ शकतो, म्हणून यंत्राला लावण्याआधी मीटरने ध्रुव तपासलेच पाहिजेत.

पाऊस आणि धूळ : महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो, आणि पाचगणी-वाईच्या बाजूला पाऊस नसतानाही धुक्याने केबल ओली होते. काटकोनी टोकाची केबल खाली उतरत असेल तर पाणी तिच्यावरून गळून जाते. वर जात असेल तर तेच पाणी केबलीवरून ओघळत कवचात शिरते. म्हणजे दिशा इथेही कामाला येते. धुक्यात चटचट आवाज आला की सगळे कनेक्टरला दोष देतात, पण कंडेन्सर माईकच्या कॅप्सूलवर दमट हवा बसली तरी असाच आवाज येतो. केबल तीच ठेवून माईक बदलावा. आवाज गेला तर टोक निर्दोष. कासच्या तांबड्या मातीची धूळ पिनांवर बसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. तेलकट स्प्रे मारू नये, धूळ त्यालाच चिकटते.

मिळण्याची ठिकाणे : सातारा, कराड, सांगली इथल्या दुकानांत मंडपवाल्यांना लागणारी सरळ कॅनन पिन आणि पी-३८ (६.३५ मिमीचे) जॅक मिळतात. साध्या काटकोनी एक्सएलआरसाठी पुण्याची तपकीर गल्ली (साताऱ्याहून सुमारे ११० किमी) किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. लो-प्रोफाइल टोके बहुधा परदेशातून किंवा मुंबईच्या ध्वनिसाहित्य विक्रेत्यांमार्फत मागवावी लागतात, म्हणून चित्रीकरणाच्या आधी महिनाभर तरी यादी द्यावी. नामांकित कंपनीच्या नावाची नक्कलही बाजारात असते. तिचा खटका सैल, कवचाचे आटे खरखरीत, आणि पिनांवरचा मुलामा काही दिवसांत काळवंडतो.

टोक हाताशी नसेल तर सरळ कनेक्टरचे मागचे कवच कापून, केबल आडवी काढून, वरून इपॉक्सी भरण्याचा जुना उपाय आहे. उंची चांगली कमी होते. पण इपॉक्सी भरलेले टोक उघडता येत नाही, तार तुटली की सगळेच फेकावे लागते. शिवाय पकड नसल्याने केबलीचा ओढा थेट सांध्यावर येतो. बॅगेच्या आतल्या, सहसा न हलणाऱ्या रिसीव्हरच्या केबलीला हे चालते. बूमच्या केबलीला चालत नाही. ती दिवसातून दहा वेळा काढली-घातली जाते आणि बूमवाला दोन पावले पुढे गेला की ताणली जाते. तिथे उंची थोडी जास्त झाली तरी पक्क्या पकडीचा साधा काटकोनी कनेक्टरच लावावा आणि बॅगेत त्या एका बाजूला जागा राखून ठेवावी.