विमानातला ‘इन्सिडेंट’ आणि हिंजवडीतला

हिंजवडीतल्या सपोर्ट टीमच्या तोंडी ‘इन्सिडेंट’ हा शब्द दिवसभर असतो. विमान वाहतुकीतही तो आहे, पण अर्थ वेगळा. तिथे माणूस दगावला, गंभीर जखमी झाला किंवा विमानाची मोठी मोडतोड झाली तर तो अपघात. एवढं झालं नाही, पण होऊ शकलं असतं, तर तो इन्सिडेंट. म्हणजे थोडक्यात निभावलेलं प्रकरण. आयटी सेवा कशा सांभाळायच्या याची नियमावली असलेल्या आयटीआयएलमध्ये मात्र सेवा बंद पडली किंवा मंदावली की इन्सिडेंट. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने सेवेला अजून झळ न बसलेला बिघाडही त्यात घेतला. वेळीच सावरलेली माणसाची चूक तरीही बाहेरच राहिली.

चेकलिस्ट आपण विमानवाल्यांकडून आनंदाने उचलली. त्यांच्याकडे ती १९३५ मध्ये, चाचणीच्या उड्डाणाआधी एक लॉक काढायचं राहून बॉम्बर कोसळल्यावर आली. दुसरी गोष्ट उचलायला जड होती.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान वेळेआधीच खाली आलं आणि डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांचाही उतरण्याच्या परवानगीबद्दल तिथेच तसाच गैरसमज झाला होता, पण ते वाचले. त्यांच्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं; बाकीच्यांपर्यंत ते पोचलं नाही.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने जाहीर केलं: चुका स्वतःहून कळवा, कारवाई होणार नाही. वैमानिकांचा विश्वास बसेना. दंड करणाऱ्याच्याच हातात कबुली कोण देणार? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासा या अवकाश संशोधन संस्थेकडे गेलं, जिला कुणाचा परवाना काढून घेता येत नव्हता. कळवलेल्या अहवालावरची नाव-पत्त्याची पट्टी फाडून ज्याची त्याला परत जाई. दहा दिवसांत कळवलं तर शिक्षा माफ. मुद्दाम केलेला प्रकार, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात असेल तर नाही. चुकणाऱ्याला मोकळं सोडता, हा आक्षेप अशा सवलतीवर नेहमी येतो. पण शिक्षेच्या भीतीने गप्प बसलेल्या माणसाकडून शिकायचं काय, याचं उत्तर आक्षेप घेणारे देत नाहीत.

पुण्यात २००० नंतर रात्रपाळीचा सपोर्ट वाढला तो एसएलए, म्हणजे सेवेच्या दर्जाचा लेखी करार, आणि दंडाच्या कलमांसकट. पी-वन, म्हणजे सर्वात तातडीचा इन्सिडेंट, आला की सगळ्यांना जोडणारा ब्रिज कॉल, मग क्लायंटला आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, आणि त्यात ठरलेली ओळ: ‘ह्यूमन एरर, संबंधिताला समज दिली.’ पुढे ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’, म्हणजे कुणाला दोष न देता केलेली चिकित्सा, हा शब्दही आला, पण तोही सेवा पडल्यानंतरचाच.

पहाटे तीनला टेस्टऐवजी प्रोडक्शनच्या, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमच्या, विंडोत कमांड टाइप होते, एंटरआधी होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, दिसतं, हात थांबतो. दोन्ही विंडो काळ्याच, शेजारी-शेजारी. सकाळी सहाला टपरीवर कटिंग घेताना हा किस्सा सगळ्यांना कळतो. पुढच्या पाळीला द्यायच्या हँडओव्हरच्या एक्सेलमध्ये त्या रात्रीपुढे लिहिलेलं असतं, ‘ऑल ग्रीन’.