पाटी दुकानाची, मजकूर कोणाचा? महाराष्ट्रातील दुकानांच्या फलकांची पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेला दुकानांवर मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि पुढे दसरा-दिवाळी असल्याने हीच वेळ योग्य असल्याचेही सुचवले. तेव्हापासून या विषयाची चर्चा बहुतेक वेळा भाषेच्या अस्मितेपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. दुकानाची पाटी मात्र या वादाहून बरीच जुनी आहे. रंगाचे आणि पत्र्याचे पैसे दुकानदार देत असला, तरी पाटीवर काय लिहावे आणि ते कोणासाठी लिहावे हे त्याने एकट्याने क्वचितच ठरवले आहे. गिऱ्हाईकाची साक्षरता, गावची जातव्यवस्था आणि सरकारचे नियम यांनी आपापल्या काळी त्या मजकुरात हात घातला आहे.

जुन्या बाजारपेठांत दुकानाला वेगळी पाटी असण्याची फारशी गरज नव्हती, कारण गल्लीचे नाव हीच पाटी होती. पुण्यात तांब्याची भांडी हवी असली तर माणूस तांबट आळीत जाई, सूप-टोपल्यांसाठी बुरूड आळी गाठी. मुंबईत तांबाकाटा, लोहार चाळ, झवेरी बाजार ही नावे, आणि कोल्हापुरात सराफांची गुजरी, गिऱ्हाईकाला मालापर्यंत नेऊन सोडत. गल्लीत शिरल्यावर कोणाच्या दुकानाची पायरी चढायची हे घरोब्यावर आणि पिढीजात व्यवहारावर ठरत असे. माल दाराबाहेर टांगलेला असे आणि ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येई. कानाला ऐकू येणारी ही पाटी अजून पूर्णपणे गेलेली नाही. रसवंतिगृहाच्या चरकाला बांधलेली घुंगरे उन्हाळ्यात रस्त्यापलीकडच्या माणसाचीही तहान जागी करतात. रसवंतिगृहांच्या नावांतही एक खूण दडलेली असते. अनेक ठिकाणी ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ हे नाव दिसते, कारण या धंद्यात पुरंदर तालुक्यातील मंडळी मोठ्या संख्येने आली आणि बोपगावच्या कानिफनाथांना त्यांनी दुकानाच्या कपाळावर बसवले.

शहरे वाढली, परगावची माणसे बाजारात येऊ लागली आणि ओळखीवर चालणारी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. अनोळखी गिऱ्हाईकाला दाराशी थांबवायचे तर त्याला काहीतरी दाखवणे भाग होते. मात्र लिहून भागण्यासारखी स्थिती नव्हती. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. म्हणून चष्मेवाल्याने भलामोठा चष्मा टांगला, किल्लीवाल्याने हातभर लांबीची पत्र्याची किल्ली लावली, दंतवैद्याने कवळी रंगवून घेतली आणि दूधवाल्याने गाय. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांना चिन्हे द्यावी लागली ती याच कारणासाठी. बाजाराने हा मार्ग त्याआधीच शोधलेला होता.

अक्षरांची पाटी स्थिरावली ती पेंटरच्या हातून. ‘पेंटर’ हा शब्द मराठीत इतका रुळला की कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्री यांच्या बाबतीत तो आडनावाच्या जागी जाऊन बसला आणि नाटकांचे पडदे रंगवणारा हा कलावंत चित्रपटसृष्टीत बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखला गेला. मुंबईत मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात पोट भरण्यासाठी सिनेमाचे फलक रंगवले होते. अशी नावे थोडी. तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ टपरीवजा दुकानात बसणारा पेंटर मात्र पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत केलेल्या सहीपुरता उरला. पत्र्यावर आधी पार्श्वभूमीचा हात द्यायचा, खडूची दोरी मारून शिरोरेषेची ओळ आखायची, मग ऑइलपेंटने अक्षरे उतरवून त्यांना बाजूने सावली द्यायची, असा हा क्रम असे. शिरोरेषा हा या कामातला मोठा आधार होता. ती सरळ पडली की निम्मी पाटी सावरली, आणि जागा कमी पडली तर शेवटची दोन अक्षरे आकसून बसवायची सोयही त्याच रेषेखाली होई. अशा आकसलेल्या अक्षरांच्या पाट्या पाहिल्या की मजकूर आधी ठरला आणि पत्रा नंतर आला हे कळते.

या पाट्यांनी स्वतःची एक मराठी घडवली. ‘आमचे येथे लग्नसमारंभाचे सर्व साहित्य भाड्याने मिळेल’ या वाक्यातील ‘आमचे येथे’ बोलण्यातून केव्हाच गेले, पण पाटीवर टिकून राहिले. ‘मिळेल’ हा भविष्यकाळही पाहण्यासारखा आहे. त्यात आश्वासन आहे आणि आत्ता माल शिल्लक नसल्यास सुटकेची वाटही आहे. ‘आणि मंडळी’, ‘बंधू’, ‘आणि सन्स’ या शेपटांतून दुकानाची वंशावळ समजते, तर ‘आज रोख, उद्या उधार’ हे गिऱ्हाईकाला तोंडावर न सांगता येणारे भिंतीकडून वदवून घेतलेले असते. पुणेरी पाटीची ख्याती याच कारणाने झाली असावी. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य आज विनोद म्हणून सांगितले जाते. परंतु नाव चालू लागले की त्याच नावाची दुसरी दुकाने निघत असत आणि त्या काळी हे वाक्य म्हणजे दुकानदाराचा स्वस्तातला बंदोबस्त होता.

पाटीचे दुसरे अंग कमी बोलले जाते. ती जशी बोलावते तशी अडवतेही. खानावळी आणि उपाहारगृहांच्या नावांत एकेकाळी जात उघडपणे लिहिलेली असे. ती आपल्या माणसाला खात्री देण्यासाठी होती आणि इतरांना उंबरठ्याबाहेर ठेवण्यासाठीही. रेल्वे स्थानकांवर हिंदूंचे पाणी आणि मुसलमानांचे पाणी वेगळे असल्याचे फलक असत. या पार्श्वभूमीवर कोल्हापुरातील एका हॉटेलाचे नाव मुद्दाम आठवायला हवे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत हॉटेल काढायला पाठबळ दिले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’ असे होते. महाराज स्वतः आपल्या लवाजम्यासह तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यायला लावत. नुसते नाव झळकवून गिऱ्हाईक आले नसते, हे राजाला नेमके ठाऊक होते. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारण्यास बंदी केली. जातीची नावे मात्र पाट्यांवरून हळूहळूच उतरली, आणि जेथे राहिली तेथे ती बहुधा पदार्थाच्या चवीची खूण म्हणून राहिली.

सरकारने दुकानाच्या भिंतीवर पाऊल ठेवले ते मुख्यतः टंचाईच्या काळात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधावाटप दुकानातील भाव आणि शिल्लक मालाचा फळा ही गिऱ्हाईकाच्या हक्काची गोष्ट झाली. निदान कागदोपत्री तरी. त्यानंतर आलेल्या १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे आणि तो दिवस ठळकपणे लावणे बंधनकारक केले. ‘सोमवारी बंद’ ही पाटी नोकराच्या सुट्टीसाठी कायद्याने लावायला लावलेली होती, हे तिच्याकडे पाहून हिरमुसलेल्या गिऱ्हाईकाच्या सहसा लक्षात येत नसे. दुपारी एक ते चारची विश्रांती मात्र कायद्याने सांगितलेली नव्हती. ती पूर्णपणे दुकानदाराची.

पाटीची भाषा ठरवणारी तरतूदही याच कायद्याखालील १९६१ च्या नियमांत आली. दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत असावे, अन्य भाषा चालतील, पण मराठी अक्षरे त्यांच्याहून लहान नसावीत, असा तिचा आशय. ती वर्षानुवर्षे फायलीत पडून राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने पाट्यांवरून आंदोलन केले तेव्हा अनेक दुकानदारांना असा नियम असल्याचे प्रथमच समजले. दरम्यान पाटी बनवण्याची रीतच बदलली होती. संगणकावर जुळवणी करून मोठ्या आकाराच्या छपाईयंत्रावर काढलेला फ्लेक्स काही तासांत आणि पेंटरच्या मजुरीहून स्वस्तात मिळू लागला. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या संचांतील ठरावीक वळणांची अक्षरे गावोगावच्या पाट्यांवर आली. सावलीच्या अक्षरांचा पेंटर तेव्हापासून भिंतींवरील जाहिराती, शाळांचे सुविचार आणि ट्रकच्या पाठी यांवर तग धरून राहिला. मराठी पाटी लावणे फ्लेक्समुळे फार सोपे झाले होते, हा योगायोग चर्चेत कोणी घेतलेला दिसत नाही.

नवा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये आला तेव्हा त्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाल्या. म्हणजे पाटीचा नियम ज्यांच्यासाठी होता त्या गल्लीबोळातल्या दुकानांची बहुसंख्या त्यातून निसटली. ही पळवाट बुजवण्यासाठी २०२२ मध्ये सुधारणा करून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची करण्यात आली. त्याच सुधारणेत मद्य विकणाऱ्या किंवा पुरवणाऱ्या आस्थापनांना महनीय व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई झाली. ‘शिवनेरी बार’ असा फलक पाहून अस्वस्थ झालेल्यांना हे कलम विशेष पटले असणार.

व्यापाऱ्यांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०२२ रोजी याचिका फेटाळली आणि २५ हजार रुपयांचा दंड भरण्यास सांगितले. अन्य भाषांवर बंदी नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. हा नियम दुकानदाराच्या सोयीसाठी केलेला नाही, तर तेथे काम करणाऱ्यांसाठी आणि दुकानात येणाऱ्या लोकांसाठी आहे, असे त्यात म्हटले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाची मुदत २५ नोव्हेंबर २०२३ रोजी संपली आणि २८ नोव्हेंबरपासून मुंबई महापालिकेची पथके दुकानांच्या पाट्या तपासत फिरू लागली. त्या आठवड्यात कित्येक दुकानांवर जुन्या इंग्रजी पाटीच्या वरच्या बाजूला मराठी नावाची फ्लेक्सची पट्टी चिकटवलेली होती. दुकानाच्या इंग्रजी नावाचा मराठी उच्चार तीत जसाच्या तसा उतरवलेला होता, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे काम छपाईवाल्याच्या अंदाजावर सोडलेले होते.