कवीने जमवलेला संसार : राजा केळकर संग्रहालयाची पार्श्वभूमी

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना ‘राजा’ ही कुठल्याशा संस्थानिकाची पदवी वाटते. वास्तविक ते दिनकर गंगाधर केळकर यांच्या एकुलत्या एक मुलाचे नाव आहे. हा मुलगा लहानपणीच गेला आणि वडिलांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह त्याच्या नावाने उभा राहिला. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, अशा आपल्या नेहमीच्या क्रमाने ते लिहिलेले असल्यामुळे ज्याने हा सारा खटाटोप केला तो माणूस या पाटीवर केवळ मुलाचा पिता म्हणून उरतो. केळकर (१८९६–१९९०) कविता लिहीत तीही ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने.

केळकरांनी वस्तू जमवायला सुरुवात केली ती १९२०च्या सुमारास. त्या काळच्या पुण्यात जुने शोधण्याचे वेड नवे नव्हते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून दफ्तरे धुंडाळली होती, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये छापला होता आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापनाही झाली होती. मात्र या पिढीचा सारा जीव कागदात गुंतलेला होता. पत्र, सनद, बखर, महजर (न्यायनिवाड्याचा लेख) यांतून लढाया आणि तहनामे उलगडत गेले, पण ज्या घरात ती सनद जपली गेली त्या घरात सुपारी कशाने कातरत, न्हाणीघरात टाच कशाने घासत आणि माजघरात दिवा कशात लावत, हे विचारण्याचे कोणाच्या फारसे मनात आले नाही. केळकरांनी नेमके तेच विचारले, आणि ते कवी होते म्हणूनच त्यांना ते सुचले, असे माझे मत आहे.

त्यांच्या संग्रहातील अडकित्ते पाहावेत. अडकित्त्याचे काम ते केवढे! दोन पाती, एक खीळ आणि मध्ये सुपारीचे खांड. पण घडवणाऱ्याने त्या दोन दांड्यांना कुठे घोडेस्वाराचे, कुठे राघूचे, तर कुठे स्त्री-पुरुषाच्या जोडीचे रूप दिले आहे. वज्रीचेही तसेच. टाचा घासण्याच्या या पितळी साधनाचा तळ खरखरीत असतो, वर मुठीच्या जागी मोर किंवा हत्ती बसवलेला असतो आणि पोकळ पोटात बारीक गोळ्या घातलेल्या असतात, त्यामुळे टाच घासताना ती घुंगरासारखी वाजते. न्हाणीघरात, चार भिंतींच्या आड, जिथे दुसरे कोणी पाहणार नाही तिथे वापरायच्या वस्तूवर कासाराने एवढी मेहनत का घेतली असेल, या प्रश्नापाशी मी दर वेळी थबकतो. दिवे, दौती, फण्या, वाड्यांचे कोरीव दरवाजे, वाद्ये आणि चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथींची चित्रे हे सारे याच संग्रहात आहे.

जुन्या छायाचित्रांवर जीव असणाऱ्यांना या वस्तूंचे मोल विशेष कळेल. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. तरीही एकोणिसाव्या शतकातले मराठी स्वयंपाकघर छायाचित्रांत जवळजवळ दिसत नाही. त्या काळी फोटो ज्या काचेवर उमटे तिला भरपूर उजेड लागे आणि समोरच्याला काही सेकंद निश्चल बसावे लागे, त्यामुळे धुराने काळवंडलेल्या, अंधाऱ्या खोलीत कॅमेरा नेणे सोयीचे नव्हते. शिवाय माणसे फोटोला बसत ती पगडी-उपरणे घालून, नथ-शालू लेवून. म्हणून घराण्याच्या फोटोत पणजी दिसते, तिची नथ दिसते, पण तिच्या हातात रोज असणारी पळी किंवा विळी दिसत नाही. ती पाहायची तर प्रत्यक्ष वस्तूच टिकलेली असावी लागते.

आणि वस्तू टिकण्याचे दिवस तेव्हा संपत आले होते. रॉकेलचे कंदील आणि पुढे वीज आल्यावर दिवे अडगळीत गेले, चहाच्या कपबशीने पानाच्या तबकाला मागे सारले, आणि तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत जाऊ लागली. मोडीला गेलेला अडकित्ता दुसऱ्या दिवशी भट्टीत वितळतो, त्याचा मागमूस राहत नाही. १९६१च्या पानशेतच्या पुरात तर नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात कोसळले. केळकरांनी त्याआधी चार दशके गावोगाव हिंडून, जुन्या घरांचे उंबरे झिजवून जे उचलले ते त्यामुळेच वाचले, आणि या हिंडण्यात पत्नी कमलाबाईंची साथ होती. संग्रहाचा पसारा घरगुती जिनसांपुरताच राहिला नाही, कारण कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांतून तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केलेला आहे.

१९६०पर्यंत वस्तूंची संख्या १५,०००च्या घरात पोहोचली होती. पुढे केळकरांनी सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आज तो २०,०००च्या वर गेला आहे, पण तीन मजल्यांच्या इमारतीत एका वेळी सुमारे २,५०० वस्तूच मांडता येतात आणि बाकीच्या कपाटांत, पेट्यांत बंद असतात.