वेब एपीआयद्वारे फायरवॉलचे कॉन्फिगरेशन

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या वेशीवर येणारी-जाणारी वाहतूक तपासून अडवणारी किंवा सोडणारी यंत्रणा. तिच्या पडद्यावर क्लिक करत न बसता किंवा कमांड टाइप न करता, प्रोग्रामकरवी तिच्या वेब एपीआयला (प्रोग्रामने बोलण्यासाठी ठेवलेल्या दाराला) विनंती पाठवून कॉन्फिगरेशन बदलण्याची पद्धत. विनंती एचटीटीपीएसवरून जाते. नियमाचा, म्हणजे रूलचा, मजकूर जेसन किंवा एक्सएमएल या ठरीव मांडणीत असतो आणि ओळख पटवायला सोबत टोकन, म्हणजे गुप्त अक्षरमाला, असते.

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये बसून चंद्रपूर, गोंदिया, अमरावतीच्या शाखा सांभाळायच्या असतील, तर ही पद्धत हाताशी हवीच. बारा फायरवॉलवर एकच घातक आयपी अडवायचा म्हणजे हाताने बारा लॉगिन. स्क्रिप्टला, म्हणजे ही कामे ओळीने करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, बारा पत्त्यांची यादी पुरते. वेळ वाचतो हे खरे, पण मोठी कमाई एकसारखेपणाची. हाताने रूल टाकताना एखाद्या शाखेत सोर्स (वाहतूक कुठून येते) आणि डेस्टिनेशन (कुठे जाते) उलटे पडतात आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. स्क्रिप्ट चुकली तर बाराही ठिकाणी चुकते; ते निदान लगेच बोंबलते.

प्रत्येक कंपनीची रीत निराळी. फोर्टिगेटवर बदल तत्काळ लागू होतो. पालो आल्टोच्या पॅन-ओएसमध्ये तो आधी 'कँडिडेट' कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे कच्च्या मसुद्यात, पडून राहतो. 'कमिट' केल्यावर, म्हणजे तो मसुदा लागू करायला सांगितल्यावर, जॉब क्रमांक मिळतो आणि काम पार पडले का, हे त्या क्रमांकावरून पुन्हा विचारावे लागते. चेक पॉइंटमध्ये बदलानंतर 'पब्लिश' (बदल जतन करणे) आणि मग 'इन्स्टॉल पॉलिसी' (तो फायरवॉलवर चढवणे) अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

नवखा हमखास अडकतो तो रूलच्या क्रमात. फायरवॉल रूल वरून खाली तपासते आणि जुळणारा पहिला लागू करते. एपीआयने टाकलेला नवा रूल सहसा यादीच्या तळाशी जाऊन बसतो. त्याच्या वर कुणी 'सगळे अडवा' असा रूल लिहून ठेवला असेल, तर उत्तर 200, म्हणजे 'विनंती यशस्वी', येते, कमिटही होते आणि वाहतूक मात्र अडलेलीच राहते. रूल वर सरकवायची विनंती वेगळी पाठवावी लागते.

याहून वाईट म्हणजे आपलीच वाट बंद करून घेणे. मॅनेजमेंटचा प्रवेश, म्हणजे फायरवॉल दुरून हाताळायची वाट, चुकून अडवला, की मे महिन्याच्या उन्हात कन्सोल केबल (यंत्राला थेट जोडायची तार) घेऊन चंद्रपूर गाठायचे. ज्युनिपरच्या जुनॉसमध्ये यावर 'कमिट कन्फर्म्ड'चा उतारा आहे: ठरल्या वेळेत, एरवी 10 मिनिटांत, पुष्टी मिळाली नाही तर जुने कॉन्फिगरेशन आपोआप परत येते.

टोकन स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणे. स्क्रिप्टसाठी वेगळे खाते उघडून त्याला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत आणि ठरावीक आयपीवरूनच प्रवेश ठेवावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. खाते वेगळे असले, की त्या लॉगमध्ये माणसाने टाकलेला रूल कोणता आणि स्क्रिप्टने टाकलेला कोणता, हे ओळखता येते.