उसळणारा भात आणि फांद्यांचा रेणू

भाताचा गोळा फरशीवर आपटायचा, तो उसळला की ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बोंब मारायची, असले व्हिडिओ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतात. मावळातला इंद्रायणी मऊ शिजवून घट्ट वळला, तर तोही थोडाफार उसळेल. खात्रीच करायची तर दाणा जाळून बघा: स्टार्चचा कोळसा होतो, पॉलिथिन वितळून ठिबकतं.

गंमत अशी, की प्लास्टिकसारखाच पॉलिमर, म्हणजे छोटे घटक जोडून झालेला लांबलचक रेणू, तांदळात असतोच. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या, त्या दोन प्रकारच्या. अमायलोज जवळजवळ सरळ. अमायलोपेक्टिनला मात्र फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या. त्यातले साधारण ५ टक्के जोड फांदी फुटण्याचे. अमायलोज जितकं कमी, तितका भात चिकट.

हा फांद्यांचा पसारा मोजायचा कसा? नेहमीच्या पद्धतीत द्रावण सच्छिद्र मण्यांच्या नळीतून सोडतात. पेठांतल्या बोळांत दुचाकी शिरते आणि रेंगाळते, बस मात्र हमरस्त्याने सरळ निघून जाते. तसे लहान रेणू छिद्रांत अडकतात, मोठे आधी बाहेर पडतात. पण नळीला वजन कळत नाही, कळतो तो आकार. फांद्यांचा रेणू तेवढ्याच वजनाच्या सरळ रेणूपेक्षा आटोपशीर असतो, म्हणून उशिरा येतो आणि सरळ साखळ्यांशी ताडून पाहिला तर हलका ठरतो. त्यामुळे नळीच्या तोंडाशी लेझर लावतात. विखुरलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून खरं वजन कळतं, आणि ती तीव्रता कोनागणिक कशी बदलते यावरून पसारा.

मग १९४९ मध्ये झिम आणि स्टॉकमायर या शास्त्रज्ञांनी मांडलेलं गुणोत्तर वापरायचं: फांद्यांच्या रेणूच्या त्रिज्येचा सरासरी वर्ग भागिले तितक्याच वजनाच्या सरळ रेणूचा. सरळ साखळीसाठी उत्तर १. एकाच केंद्रातून निघालेल्या चार समान भुजा असतील तर ०.६२५. सूत्र, (३फ − २)/फ²; फ म्हणजे भुजांची संख्या. मात्र हे आदर्श साखळ्यांसाठी, म्हणजे ज्यांचे भाग एकमेकांना अडवत नाहीत असं धरलेल्या. अमायलोपेक्टिनमध्ये नळीतून एकाच क्षणी बाहेर पडणाऱ्या सारख्या आकाराच्या रेणूंची वजनंही वेगळी असतात आणि फांद्याही, त्यामुळे हाती लागते ती सरासरीच. शिवाय हे रेणू इतके अवाढव्य, की नळीतल्या ताणाने तुटूही शकतात.

दुसरा मार्ग कापाकापीचा. आयसोअमायलेज हे एन्झाइम फांद्यांचे जोड नेमके तोडतं, मग सुट्या फांद्यांची लांबी मोजता येते. पण कुठली फांदी कुठे जोडलेली होती, ते तोवर पुसलं गेलेलं असतं.